कोरड्या त्वचेसाठी चिनी मलम ‘रुन-जी-गाओ’ घरी कसं करावं

बीजिंगमध्ये दरवर्षी १५ नोव्हेंबरला घरं तापवणारं सार्वजनिक हीटिंग सुरू होतं आणि १५ मार्चपर्यंत चालतं. बाहेर कोरडी थंडी, घरात तापलेली हवा. नडग्यांवर पांढरे खवले धरतात, रात्री पाठ खाजते. या दिवसांत मी दुसरं काही लावत नाही, रुन-जी-गाओच लावते. चीनच्या मिंग राजवटीतले शल्यवैद्य छन शिगोंग यांच्या १६१७ च्या ग्रंथात हे मलम आहे, डोक्यावरच्या कोरड्या, खाजऱ्या खवल्यांसाठी दिलेलं. पुढे जपानमध्ये शल्यवैद्य हानाओका सेइश्यू यांनी त्यात डुकराची चरबी वाढवली. तेच तिथलं शिउन्को नावाचं मलम. कोरडेपणासाठी चरबीवाचून काही अडत नाही.

मूळ प्रमाण आजच्या मापात असं बसतं: तिळाचं तेल २०० ग्रॅम, दांगग्वेच्या (चिनी अँजेलिकाचं मूळ) चकत्या २५ ग्रॅम, झित्साओची (लाल-जांभळा रंग सोडणारी वनस्पती) मुळं ५ ग्रॅम, पिवळं मधमाशीचं मेण २५ ग्रॅम. चिनी वैद्यकात दांगग्वे रक्त पोसणारं आणि झित्साओ रक्तातली उष्णता काढणारं मानतात. तेल न भाजलेल्या तिळांचंच हवं. चिनी दुकानांतलं काळसर, खमंग तेल स्वयंपाकासाठी ठेवा. भारतात लाकडी घाण्याचं तेल उत्तम. झित्साओ वायव्य चीनमधल्या शिनजियांगचं घ्या: मऊ, पापुद्रे सुटणारं, चोळल्याबरोबर बोटं जांभळी करणारं. आपल्याकडे रतनजोत म्हणून मिळतं ते याच कुळातलं, पण त्या नावाखाली बाजारात वेगवेगळ्या वनस्पती विकतात. कुठली ते कळल्याशिवाय मलमात घालू नका.

मुळं धुवायची नाहीत, कोरड्या फडक्याने पुसायची. दांगग्वे रात्रभर तेलात भिजत ठेवायचं.

आता तळणं. मलम बिघडतं ते इथेच. जुन्या पाठात दोन्ही मुळं एकत्र घालून वाळेपर्यंत कढवा असं आहे आणि बहुतेक जण तेच डोळे मिटून पुढे सांगतात. मला ते पटत नाही. दांगग्वेला वेळ लागतो, झित्साओला उष्णता सोसत नाही. त्याचा लाल रंग हाच त्याचा जीव, आणि जास्त तापलं की तो करपून तपकिरी होतो. मग उरतं ते नुसतं मेण घातलेलं तेल.

म्हणून आधी फक्त दांगग्वे, अगदी मंद आचेवर. सुरुवातीला चकत्यांभोवती बारीक बुडबुडे येतात. तो मुळांतला ओलावा. बुडबुडे विरळ झाले, कडा बदामी झाल्या की चकत्या काढून टाका. काळ्या होऊ दिल्यात तर जळका वास मलमाला कायमचा राहतो. आता गॅस बंद करा आणि थांबा. ही थांबण्याची पायरी कुणी लिहीत नाही, आणि सगळं तिच्यावरच आहे. स्वयंपाकाचा थर्मामीटर वापराच. अंदाजाने हे जमत नाही. तेल ११० अंश सेल्सिअसवर उतरलं की झित्साओ घाला. तेल बघता बघता लाल होतं. आच लागलीच तर अगदी बारीक, आणि १२० च्या वर जाऊ द्यायचं नाही. दर मिनिटाला पांढऱ्या बशीवर एक थेंब टाकून बघा. थेंबाची कड किरमिजी आहे तोवर ठीक; रंग गडद वाईनसारखा झाला की लगेच गाळा. कड तपकिरीकडे झुकली तर वेळ आधीच टळलेली असते, कितीही मेण घाला.

मलमलीतून गाळून गरम तेलातच किसलेलं मेण विरघळवा, कोरड्या काचेच्या बरणीत ओता.

लावताना एक गोष्ट पक्की धरा: मलम त्वचेला पाणी देत नाही, आहे ते धरून ठेवतं. ठणठणीत कोरड्या अंगावर चोळून काही होत नाही, मग लोक मलमाला नावं ठेवतात. कोमट पाण्याने अंघोळ, पंच्याने हलकं टिपायचं आणि अंग दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, अगदी पातळ थर. कपड्यांना जांभळे डाग पडतात आणि ते जात नाहीत, तेव्हा जुना पायजमाच घाला.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून बघा. तिळाची किंवा मधमाशीच्या पदार्थांची अॅलर्जी असेल तर हे मलम तुमच्यासाठी नाही. झित्साओमध्ये यकृताला घातक अल्कलॉइड्स असतात, म्हणून रक्त येणाऱ्या भेगांवर, उघड्या जखमेवर, ओठांवर लावू नका. गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांना तर अजिबात नाही. त्वचा लाल होऊन पाझरत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बरणी अंधारात ठेवा, बोट कोरडं घाला. तेलाला खवट वास आला की उरलेलं फेकून द्या.