दूरशिक्षणाचा अभ्यास आणि ग्रंथालय विद्यार्थ्याच्या फोनवर कसे पोहोचवावे

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी सलग दोन तास क्वचितच मिळतात. सत्तरीतून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जाणारी मुलगी, काणकोणात दुकान सांभाळून बीए करणारा तरुण, मुले मोठी झाल्यावर सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेतलेली डिचोलीची गृहिणी, अशा सर्वांचा अभ्यास बसमध्ये, जेवणाच्या सुटीत किंवा रात्री घरची मंडळी झोपल्यावर होतो आणि त्या वेळी हाताशी असतो तो फोन. छापील पुस्तकाची पीडीएफ संकेतस्थळावर चढवली म्हणजे या विद्यार्थ्यांची सोय झाली, असे मानून चालणार नाही. वाचताना नेटवर्क लागणार नाही असे साहित्य आणि अडल्यावर माणूस उत्तर देईल असे ग्रंथालय, या दोन गोष्टी आधी उभ्या कराव्यात, स्वतंत्र ॲपचा विचार त्यानंतर करावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात प्रवेशाच्या वेळी करावी

अभ्यासकेंद्रात प्रवेश अर्ज भरून घेताना चार प्रश्न जास्तीचे विचारावेत: फोन स्वतःचा आहे की घरात सामायिक, त्यात जागा किती शिल्लक असते, घरी रेंज मिळते का, आणि अभ्यासाला वेळ दिवसाच्या कोणत्या भागात मिळतो. गोवा राज्य अवघे 3702 चौरस किलोमीटरचे असले, तरी पणजीतील नेटवर्क आणि सांग्याच्या डोंगराळ भागातील नेटवर्क यांची तुलना होऊ शकत नाही. 2020 च्या टाळेबंदीत मुले रेंज शोधत डोंगर चढत होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. या चार उत्तरांवरून साहित्याचा आकार ठरवावा. ज्या घरात एक फोन तिघे वापरतात, तिथे रात्री आठच्या थेट ऑनलाईन तासाला उपस्थिती सक्तीची करणे अन्यायाचे आहे.

एक घटक फोनसाठी कसा मांडावा

दूरशिक्षणाचे स्वयंअध्ययन साहित्य खंड आणि घटक अशा रचनेत लिहिलेले असते आणि घटकाच्या मध्ये ‘आपली प्रगती तपासा’ असे प्रश्न असतात. ही रचना फोनला सोयीची आहे, मात्र घटक लांब असतो. अर्थशास्त्रातील ‘मागणीची लवचिकता’ हा घटक घेऊ. त्याचे दहा-बारा मिनिटांत वाचून होतील असे पाठ करावेत आणि प्रत्येक पाठात एकच प्रश्न सोडवावा: लवचिकता म्हणजे काय, ती कशी मोजतात, ती कमी-जास्त का असते. प्रत्येक पाठ स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, कारण विद्यार्थी तो चार दिवसांच्या अंतराने उघडणार आहे. ‘वर पाहिल्याप्रमाणे’ असे लिहिण्याऐवजी मागचा मुद्दा एका वाक्यात पुन्हा सांगावा.

उदाहरण विद्यार्थ्याच्या ओळखीचे असावे. गोव्यात 1 जून ते 31 जुलै या काळात ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते आणि मासळीचे दर चढतात. समजा, बांगड्याचा दर किलोला 200 रुपयांवरून 240 झाला, म्हणजे 20 टक्के वाढला, आणि एका विक्रेत्याचा खप दिवसाला 50 किलोवरून 45 किलोवर, म्हणजे 10 टक्क्यांनी उतरला. तर 10 ला 20 ने भागून लवचिकता 0.5 येते आणि मागणी अलवचिक ठरते, म्हणजे दर जितका वाढला त्या प्रमाणात खप घटत नाही. हे गणित पाच स्तंभांच्या तक्त्यात मांडले, तर साध्या फोनच्या पडद्यावर शेवटचे दोन स्तंभ दिसतच नाहीत आणि विद्यार्थी पान डावीकडे-उजवीकडे सरकवत राहतो. म्हणून तक्ता दोन स्तंभांचा करावा किंवा गणित एकाखाली एक ओळींत लिहावे. त्यानंतर लगेच दोन प्रश्न द्यावेत आणि उत्तर चुकले तर ‘चूक’ एवढेच न दाखवता कोणती पायरी चुकली असावी, तेही सांगावे. समंत्रक, म्हणजे अभ्यासकेंद्रात शिकवणारा शिक्षक, समोर नसताना हे काम पाठालाच करावे लागते.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर सारखाच दिसणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात असावा, याविषयी तडजोड करू नये. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी साहित्य शोधता येत नाही आणि टॉकबॅकसारखी वाचून दाखवणारी सोय ते वाचू शकत नाही, त्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थी सरळ बाहेर राहतो. युनिकोड मजकूर हलकाही असतो. देवनागरीतील एक अक्षरचिन्ह साठवायला 3 बाइट लागतात असे धरले, तरी पाच हजार शब्दांचा घटक 100 केबीच्या आसपास राहतो. तोच घटक पानापानाने स्कॅन केला तर कित्येक एमबी होतो. ‘मुक्ता’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे विनामूल्य फॉन्ट वापरावेत आणि ओळींमध्ये अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडले की लहान पडद्यावर वाचणे जिकिरीचे होते.

व्हिडिओपेक्षा ध्वनिफितीला पसंती द्यावी. 32 केबीपीएस मोनोमध्ये, म्हणजे कमी दर्जाच्या एकाच ध्वनिमार्गात, आठ मिनिटांची ध्वनिफीत सुमारे 2 एमबीची होते आणि बोलणे स्पष्ट ऐकू येते. कदंब बसमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याला ती ऐकता येते. प्रयोग किंवा आकृती दाखवल्याशिवाय विषय कळणारच नाही, तिथेच व्हिडिओ करावा. मूडल या ऑनलाईन अध्यापनाच्या मुक्त प्रणालीवर अभ्यासक्रम चालवत असाल, तर त्याच्या मोबाईल ॲपमध्ये पाठ आधी उतरवून ठेवून नंतर नेटवर्कशिवाय वाचता येतात. ही सोय विद्यार्थ्यांना पहिल्याच संपर्कसत्रात (अभ्यासकेंद्रातील प्रत्यक्ष तासाला), त्यांच्याच फोनवर करून दाखवावी.

ग्रंथालयाची सेवा

पुस्तकांपेक्षाही दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला ग्रंथपाल दुर्मीळ असतो. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र आहे आणि ज्याच्याकडे वेळच नाही, अशा वाचकाला ते सर्वाधिक लागू पडते.

म्हणून पहिली सेवा ‘ग्रंथपालाला विचारा’ ही असावी. अभ्यासकेंद्राचा एक स्वतंत्र व्हॉट्सॲप क्रमांक ठेवावा, उत्तर किती वाजेपर्यंत मिळेल ते जाहीर करावे आणि तो शब्द पाळावा. समजा, ‘गोव्यातल्या खाण कामगारांवर काही मिळेल का?’ असा प्रश्न आला. त्यावर दहा दुवे पाठवणे ही मदत नव्हे. साहित्य स्वाध्यायासाठी हवे आहे की प्रकल्पासाठी, मराठीत हवे की इंग्रजीही चालेल, कोणत्या तारखेपर्यंत हवे, हे आधी विचारावे. मग शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाईन भांडारातील एखाद्या प्रबंधाचे नेमके प्रकरण, एक पुस्तक आणि एक अहवाल अशा तीनच गोष्टी, कोणत्या पानापासून वाचायचे ते लिहून, पाठवाव्यात. असे प्रश्न आणि उत्तरे वहीत नोंदवत गेल्यास पुढच्या वर्षाची निम्मी तयारी होते.

विद्यार्थ्यांचा गट करण्याचा मोह टाळावा. गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो आणि अनेक मुली याच कारणाने गटात येत नाहीत किंवा आल्या तरी प्रश्न विचारत नाहीत. सूचनांसाठी चॅनल वापरावे, तिथे सदस्यांचे क्रमांक इतर सदस्यांना दिसत नाहीत. साध्या फोनवाल्यांसाठी एसएमएस लागतोच. तो देवनागरीत लिहिल्यास एका संदेशात 70 चिन्हे मावतात, रोमनमध्ये 160, त्यामुळे तारीख, ठिकाण आणि काम एवढेच लिहावे.

दुसरी अडचण घरून प्रवेश मिळण्याची. विद्यापीठाने विकत घेतलेली नियतकालिके बहुधा परिसरातील इंटरनेटवरच उघडतात आणि दूरशिक्षणाचा विद्यार्थी तर परिसरात येतच नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राची इन्फेड ही प्रवेशव्यवस्था याच कामासाठी आहे. विद्यार्थ्याला विद्यापीठाचे खाते देऊन त्यावरून घरबसल्या प्रवेश द्यावा. त्याच्या जोडीला इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा अभ्याससाहित्याचा संग्रह ईज्ञानकोश आणि आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय यांचे दुवे द्यावेत, पण विषयवार आणि घटकवार निवडून. मुखपृष्ठाचा दुवा देऊन विद्यार्थ्याला त्या महासागरात सोडू नये.

ग्रंथसूची कोहासारख्या मुक्त ग्रंथालय प्रणालीवर असेल, तर मराठी पुस्तकाचे रोमन लिपीतील शीर्षकही नोंदीतील पर्यायी शीर्षकाच्या 246 क्रमांकाच्या रकान्यात नोंदवावे. फोनवर बहुतेक मुले ‘arthashastra’ हे अक्षरशः रोमनमध्येच टाइप करतात आणि सूचीत फक्त देवनागरी असली, तर पुस्तक कपाटात असूनही ‘काही सापडले नाही’ असे उत्तर मिळते.

छापील पुस्तकाची गरज संपलेली नाही. पणजीला पाटो येथे असलेल्या, 1832 पासून चालत आलेल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची आणि तालुक्यांच्या ग्रंथालयांची ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावी, सदस्यत्वाचा अर्ज संपर्कसत्रातच भरून घ्यावा आणि फोनवरून मागितलेले पुस्तक पुढच्या सत्राला अभ्यासकेंद्रात मिळेल अशी सोय करावी. अख्खे पुस्तक स्कॅन करून वाटू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 खासगी अभ्यासासाठी आणि अध्यापनासाठी सवलती देते, त्यांच्या मर्यादेत एखादे प्रकरण देता येते आणि बहुतेक वेळा विद्यार्थ्याला तेवढेच हवे असते.

वापरून पाहणे

सत्र सुरू होण्याच्या महिनाभर आधी पाच-सहा विद्यार्थ्यांना बोलवावे, त्यांत किमान एक जण जुना, कमी जागेचा फोन वापरणारा असावा. पाठ उतरवून घेतल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगावे आणि पाठ वाचून प्रश्न सोडवायला द्यावेत. आपण शेजारी बसून फक्त पाहावे, मदत करू नये. बोट कुठे थांबते, पान कुठे मागे सरकवले जाते, कोणते बटण दोनदा दाबावे लागते, ते टिपून घ्यावे आणि त्याच आठवड्यात दुरुस्त करावे. हीच चाचणी उन्हात, उघड्यावर एकदा घ्यावी. फिकट राखाडी अक्षरे तिथे दिसेनाशी होतात आणि मजकूर काळ्या अक्षरांत का हवा, हे पाठ लिहिणाऱ्यालाही पटते.