ट्रॅक्टरचा टाय रॉड वाकलाय? ठोकायच्या आधी हे वाचा

मागच्या पावसाळ्यात बांधाकडेला ट्रॅक्टर वळवताना गवतातला दगड दिसलाच नाही, पुढचं चाक आदळलं अन् टाय रॉड, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकत्र वळवणारा दांडा, धनुष्यासारखा वाकला. स्टेअरिंग सरळ धरलं तरी ट्रॅक्टर एका बाजूला ओढायला लागला.

आधी सपाट जागेवर ट्रॅक्टर लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, अॅक्सल जॅकवर उचलला तरी खाली लाकडी ठोकळा हवाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली घुसायचं नाही. आता रॉडला सुतळी ताणून धरा, वाक लगेच दिसतो. पण तेवढ्यावर थांबू नका, स्पिंडल (पुढचं चाक ज्यावर बसतं तो भाग) अन् त्याच्यावरचा आर्म (रॉड जोडलेला, चाक वळवणारा हात) पण नीट बघा, दणका तिथंपर्यंत गेलेला असतो.

रॉड काढताना कॉटर पिन (नट फिरून सुटू नये म्हणून घातलेली पिन) काढून नट सैल करा, मग आर्मच्या डोळ्यावर एका बाजूनं जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूनं ठोका, रॉडच्या टोकाचा जॉइंट सुटतो. आट्यांवर घण घातला तर जॉइंट गेलाच. वाकलेल्या रॉडची लांबी मापून उपयोग नाही, ती कमी झालेली असते, म्हणून दोन्ही टोकांना बाहेर दिसणारे आटे मोजून ठेवा अन् नव्या रॉडला तेवढेच ठेवा.

थोडासा वाक असेल तर थंडच प्रेसवर सरळ करून घरापर्यंत येता येतं, पण पाइपला घडी पडली असेल तर तो भंगारात टाका. अन् आर्म किंवा स्पिंडल वाकला असेल तर गॅसनं लाल करून सरळ करायचा नाही, वेल्डिंग तर नाहीच नाही. ते फोर्जिंग करून कडक केलेलं लोखंड असतं, तापवलं की त्याचा कडकपणा जातो, आणि भरलेली ट्रॉली मागं असताना रस्त्यावर तुटलं तर ट्रॅक्टर कुठं जाईल सांगता येत नाही. पैसे गेले तरी चालतील, नवाच टाका.

बसवल्यावर टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते, बघायचंच. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध हबच्या उंचीवर समोरून खडूची खूण करा, अंतर मापा, ट्रॅक्टर ढकलून खुणा मागं त्याच उंचीवर आणा अन् परत मापा. बहुतेक ट्रॅक्टरला पुढचं माप 3 ते 6 मिमी कमी लागतं, तरी तुमच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा. एका टोकाला उलटे आटे असतात त्यामुळं रॉड नुसता फिरवला तरी लांबी बदलते, जमलं की चेक नट (रॉड परत फिरू नये म्हणून असलेला नट) आवळा, कॉटर पिन नवीनच घाला, जॉइंटला ग्रीस द्या. शेवटी स्टेअरिंग पूर्ण डावीकडं-उजवीकडं फिरवून रॉड कुठं घासत नाही ना ते बघा.