पायथनचं पॅकेजिंग: ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणण्याआधी या चुका टाळा

‘लिनक्स, विंडोज, मॅक, तिन्हीकडे चालतं’ असं छातीठोकपणे लिहिलेलं कुठलंही पायथन टूल घ्या आणि त्याचे इश्यू (युजरनी नोंदवलेल्या तक्रारी) वाचा. कोडमधल्या बगपेक्षा ‘इन्स्टॉलच होत नाही’ हीच रड जास्त दिसेल. कारणंही तीच ती. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून पॅकेजिंगवर, म्हणजे कोड दुसऱ्याच्या मशीनवर बसेल असा बांधण्यावर, हा लेख.

पिप फ्रीझ मारून मोकळं होणं

नवशिक्यांची सगळ्यात लाडकी चूक. पिप फ्रीझ (बसवलेल्या पॅकेजेसची यादी काढणारी कमांड) मारायचं, बाहेर पडेल ते रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये ओतायचं आणि कमिट ठोकायचा. फ्रीझ तुमच्या प्रोजेक्टला काय लागतं ते सांगत नाही. त्या एन्व्हायरन्मेंटमध्ये काय पडलंय ते सांगतं. गेल्या आठवड्यात सहज टाकून पाहिलेली लायब्ररीसुद्धा त्यात येते. विंडोजवर काम करत असाल तर यादीत बऱ्याचदा पायविन३२ हे फक्त विंडोजचं पॅकेज घुसतं आणि लिनक्सवाल्याला ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड’ बघत बसावं लागतं.

मी काय करतो? माझा कोड स्वतः जे इम्पोर्ट करतो तेवढंच पायप्रोजेक्टच्या टॉमल फाइलमध्ये (प्रोजेक्टची माहिती ठेवणारी फाइल) हाताने लिहितो, किमान व्हर्जनसकट. एखादं पॅकेज फक्त विंडोजला लागत असेल तर त्याच्यापुढे सिस-प्लॅटफॉर्मची, म्हणजे सिस्टिम कुठली ते तपासणारी, अट. नेमक्या व्हर्जन्स गोठवायच्या असतील तर लॉक फाइल वेगळी ठेवायची. यूव्ही या पॅकेज मॅनेजरची लॉक फाइल एकाच वेळी सगळ्या प्लॅटफॉर्मचा विचार करते, म्हणून हल्ली तीच वापरतो. हाताने लिहायला दहा मिनिटं लागतात, आणि नेमकी तेवढीच कोणाकडे नसतात.

एन्कोडिंग न सांगता फाइल उघडणं

ही माझी खास डोकेदुखी. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटं टूल होतं. एका रिलीजनंतर विंडोजवाल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या: ‘चारमॅप’ कोडेकला अमुक बाइट वाचता येत नाही. लिनक्स आणि मॅकवर सगळं सुरळीत. मग सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणालं अँटिव्हायरस बंद करा, कोणी म्हणालं अ‍ॅडमिन म्हणून चालवा, एकाने तर कित्येक जीबींचं व्हिज्युअल स्टुडिओ उतरवायला लावलं. एरर पूर्ण कोणी वाचलीच नव्हती.

त्या रिलीजमध्ये रीडमीला मराठी भाग जोडला होता, आणि सेटअप स्क्रिप्ट (पॅकेज बांधताना चालणारी फाइल) ती रीडमी साध्या ओपनने, म्हणजे एन्कोडिंग न सांगता, वाचत होती. विंडोजवर एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन सिस्टिमचं कोडपेज, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर याचा तक्ता, धरतो. इंग्रजी विंडोजवर ते बहुधा १२५२ असतं. या कोडपेजमध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, त्यांतल्या दोन म्हणजे ८१ आणि ८डी (हेक्समध्ये). आता यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) ऱ्हस्व उकार म्हणजे ई०, ए५, ८१ आणि हलन्त म्हणजे ई०, ए५, ८डी. म्हणजे पहिला उकार किंवा पहिलं जोडाक्षर आलं की खेळ खल्लास. ‘झ’, ‘ए’ आणि ‘ऐ’ हेही असेच रिकाम्या जागेत पडतात. ‘नाशिक’ लिहिलं असतं तर इन्स्टॉल झालं असतं (अक्षरांचा चिवडा होऊन, पण झालं असतं), ‘पुणे’ आणि ‘मुंबई’ लिहिलं की बोंब.

मुळात सेटअप स्क्रिप्ट युजरच्या मशीनवर चालायचं काहीच कारण नव्हतं. पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचं ऑनलाइन भांडार) फक्त सोर्सचं बंडल चढवलं होतं, व्हील, म्हणजे बसवायला तयार पॅकेज, नव्हतंच. शुद्ध पायथनचं एकच व्हील तिन्ही सिस्टिमवर चालतं आणि ते बसवताना सेटअप स्क्रिप्टला हात लागत नाही. तरी लोक व्हील बनवायचा आळस का करतात, देव जाणे.

पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट करायचं ठरलंय, पण तुमचे युजर आज ३.९ वर बसलेले असतात. तेव्हा प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग लिहा. ३.१० पासून ‘वॉर्न डिफॉल्ट एन्कोडिंग’ हा पर्याय आहे. सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्या) तो चालू ठेवला की विसरलेली प्रत्येक जागा पकडली जाते.

सगळ्यात नव्या लॅपटॉपवर बिल्ड करणं

सी एक्स्टेन्शन (सी भाषेतला कंपाइल केलेला भाग) असलेलं पॅकेज किंवा पायइन्स्टॉलरची (पायथन प्रोग्रामची थेट चालणारी फाइल बनवणारं टूल) बायनरी उबुंटू २२.०४ वर बनवली आणि २०.०४ वर नेली, तर ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ येण्याची दाट शक्यता. जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी; २२.०४ मध्ये तिची २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. म्हणून बिल्ड जुन्यात जुन्या सिस्टिमवर. बहुतेक लिनक्सवर चालणारी व्हील बनवण्यासाठीचा मॅनीलिनक्स २०१४ चा कंटेनर सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर उभा आहे, तो याचसाठी. सीआयबिल्डव्हील हे टूल हे काम तिन्ही सिस्टिमसाठी सांभाळून घेतं. हाताने स्क्रिप्ट रचत बसू नका. अल्पाइन लिनक्सवर जीलिबसीच नाही, मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे, त्याचं व्हील वेगळं. आणि पायइन्स्टॉलर क्रॉस-कंपाइल करत नाही. लिनक्सवर बसून विंडोजची ईएक्सई कशी काढू, हा प्रश्न कृपया पुन्हा विचारू नका.

बाकीच्या, थोडक्यात

व्हीएन्व्हचं (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन एन्व्हायरन्मेंट) फोल्डर गिटमध्ये टाकू नका. त्यातल्या स्क्रिप्टमध्ये तुमच्या मशीनचे पूर्ण पाथ कोरलेले असतात.

सुडो पिप, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने पिप, नको. डेबियन १२ पासून सिस्टिमचा पायथन स्वतःच अडवतो, आणि त्यावर उपाय म्हणून ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ जोडायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्या पर्यायाच्या नावातच परिणाम लिहिलाय.

डिस्टयुटिल्स हे जुनं पॅकेजिंग मॉड्यूल पायथन ३.१२ मध्ये काढून टाकलं. जुन्या सेटअप स्क्रिप्ट कॉपी करताना हे बघा.

इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं धरून चालू नका. कोडमध्ये यामल, पायपीआयवर पाययामल.

फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा घोळ विंडोज आणि मॅक सहसा खपवून घेतात, लिनक्स घेत नाही.

टेम्प्लेट, आयकॉन वगैरे फाइल चालू फोल्डरच्या भरवशावर शोधू नका. त्यासाठी पायथनमध्येच इम्पोर्टलिब रिसोर्सेस हे मॉड्यूल आहे.

पायइन्स्टॉलरची एकच फाइल काढायचा मोह मला कळतो, दिसायला सुटसुटीत असते. पण ती प्रत्येक वेळी आधी टेम्प फोल्डरमध्ये उलगडते, म्हणून सुरू व्हायला वेळ घेते, आणि अँटिव्हायरसही तिच्यावर जास्त संशय घेतात. मी फोल्डरच देतो, झिप करून. कोणी ‘एकच ईएक्सई का नाही’ विचारलं की त्याला हाच परिच्छेद चिकटवतो.