म्हातारा पाऊस लागायच्या आत मेरा साफ करा : उंदीर, घुशी आणि लेप्टोचा ताप

येत्या चार-पाच दिवसांत उघडीप मिळाली, तर बाकीची कामं मागे ठेवा आणि मेरेवरचं (शेताच्या बांधावरचं) गवत कापा. रोवणी आटोपली, तरणा (पुनर्वसूचा पाऊस) पडून गेला, 19-20 जुलैच्या सुमारास म्हातारा (पुष्याचा पाऊस) लागेल. शेतातली बिळं पाण्याखाली गेली की उंदीर-घुशी बुडून मरतात, असा आपला समज असतो. ते चांगले पोहतात आणि मेरेवर चढतात. मेरेवर गुडघाभर गवत असलं की त्यांचं बिऱ्हाड तिथेच थाटलं जातं, आणि मग गणेशचवथीनंतर, कापणीला, आपण कपाळाला हात लावतो.

"माझी मेर स्वच्छ आहे," हे वाक्य मी गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकलं आहे. ते बहुतेक वेळा खरंही असतं. पीक जातं ते पलीकडच्या मेरेमुळे. शेजारचं शेत पडीक, भाटकार (जमीनमालक) परदेशात, एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर वारसांची रांग. त्या मेरेला कोयता कोण लावणार? "ती आमची नव्हे." उंदराला उतारा वाचता येत नाही. दिवसा तो पडीक शेतात झोपतो, रात्री तुमच्याकडे जेवायला येतो. म्हणून पडीक शेताला लागून असलेली मेर तुमची नसली तरी तुम्हीच कापा. दोन माणसांची एका सकाळची मजुरी जाईल, त्याबद्दल कुरकुर नको.

उंदराची खोड अशी की तो कडेच्या दोन-तीन ओळी शाबूत ठेवतो आणि मधला भाग खातो. रस्त्यावरून पाहिलं तर शेत भरलेलं दिसतं. कापणीला आत शिरल्यावर मधोमध नुसती खुंटं. असं शेत दाखवताना माणूस बोलत नाही, पायाने चिखल उकरत राहतो. म्हणून आताच आत चालत जाऊन बघा. फुटवा पाण्याच्या वर तिरका कापलेला असेल तर काम उंदराचं. मधला पोंगा वाळलेला असेल आणि ओढल्यावर अलगद हातात आला तर खोडकिडा. हा फरक न बघता दुकानात गेलात तर दुकानदार दाणेदार कीटकनाशकाची पिशवी गळ्यात मारतो. उंदराने कापलेल्या भातावर खोडकिड्याचं औषध टाकलेलं मी पाहिलं आहे. औषध पाण्यातून वाहून गेलं, उंदीर होते तिथेच राहिले.

मेरेवर बीळ दिसलं की ते कुर्लीचं (खेकड्याचं) की उंदराचं हे ओळखा. उंदराच्या, विशेषतः घुशीच्या, बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असतो. पावसानंतरही माती ताजी दिसली तर मालक घरात आहे असं समजा.

विषाचा शिफारशीतला क्रम असा. पहिल्या दिवशी सगळी बिळं चिखलाने बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. त्यांत विष न घालता, तेल लावलेली तांदळाची कणी प्रत्येकी 20 ग्रॅम टाका. चौथ्या दिवशी 96 भाग कणी, 2 भाग खाद्यतेल आणि 2 भाग झिंक फॉस्फाइड काठीने कालवून, बिळामागे 10 ग्रॅमची कागदाची पुडी आत सरकवा. पाचव्या दिवशी मेलेले उंदीर हातमोजे घालून गोळा करा आणि खोल पुरा. चवीची सवय लावायचे दोन दिवस लोक हमखास गाळतात, मग उंदीर थोडं खाऊन आजारी पडतो आणि पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. झिंक फॉस्फाइड हंगामात एकदाच वापरा. राहिलेल्या उंदरांसाठी आठवड्याने 0.005 टक्के ब्रोमाडायोलोनचं आमिष ठेवा. पावसात त्याचा मेणाचा केक बरा, इतकं दुकानदाराचं मी मान्य करतो. पण केक महागडा की साधा याला काही अर्थ नाही, टक्का तेवढा बघा.

झिंक फॉस्फाइड ओलं झालं की त्यातून विषारी वायू सुटतो, म्हणून हे काम उघडीपीतच आणि मोकळ्या जागेत करा. त्यावर उतारा नाही. कुत्री-कोंबडी बांधून ठेवा. बिळात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी गुपचूप दिल्या तर परत करा, त्या सामान्य शेतकऱ्याने वापरायच्या नाहीतच. अमावास्येच्या आसपास आमिष जास्त उचललं जातं, हा माझा अनुभव आहे, शिफारस नव्हे. दाणा भरल्यावर मात्र कोणतंच आमिष चालत नाही. शेतात पंचपक्वान्न असताना कणी कोण खाणार? धामण दिसली तर मारू नका. घुबडाला रात्री बसायला मधूनमधून काठ्या रोवा.

आता तापाचं. भाताच्या नुकसानीपेक्षा मला याची धास्ती जास्त वाटते. लेप्टोस्पायरा नावाचा मळसूत्री जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो. उंदराला काही होत नाही, पण तो महिनोन् महिने मुतातून जंतू सोडत असतो. मेरेवरचं ते मूत पावसाने वाहून वाफ्यात येतं. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात जंतू कित्येक आठवडे टिकतो, आणि पायाच्या भेगेतून, कोयत्याच्या जखमेतून, पाण्याने पांढऱ्या पडलेल्या कातडीतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतो. खाऱ्या पाण्यात तो फार तगत नाही, म्हणून खाजनातले (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातले) शेतकरी बिनधास्त असतात. पण जुलैत मानशीच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) आतलं पाणी पावसाचं, गोडं असतं. (खात्रीसाठी चाखून बघू नका.)

भिजल्यानंतर साधारण 5 ते 14 दिवसांनी ताप येतो, कधी महिन्यानेही. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. घरचे म्हणतात रोवणीचा शीण आहे. फार्मसीतून दुखण्याच्या गोळ्या येतात, त्यात चार दिवस जातात, आणि त्या गोळ्या आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं तर थेट बांबोळीला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात). पण तिथवर वेळ येऊच देऊ नका. तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांनी न विचारता सांगा : "मी शेतात पाण्यात काम करतो." हे न सांगितल्याने डेंग्यूची तपासणी होते, ती निगेटिव्ह येते आणि माणूस घरी परततो. लवकर सुरू झालं तर डॉक्सीसायक्लिन, पेनिसिलिन ही जुनी, स्वस्त औषधंच काम करतात.

शेतात उतरताना जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. चिखलात गमबूट रुततात हे मला माहीत आहे, पण मेर कापताना आणि गोठ्यात तरी घाला. पायांना खोबरेल चोळून उतरायची जुनी रीत मला आवडते, पण तिच्या भरवशावर जखम उघडी ठेवू नका. बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवा. पेजेचं भांडं मेरेवर उघडं ठेवू नका. उंदीर तिथूनच फिरतात. रोज पाण्यात उभं राहणाऱ्यांना आरोग्य केंद्र आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन, सहा आठवड्यांपर्यंत, देऊ शकतं. ते डॉक्टरांना विचारूनच, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना नाही. कोणी "शेतातले जंतू मारणारं" द्रावण विकायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. वाहत्या पाण्याचं निर्जंतुकीकरण होत नाही.

पाऊस ओसरल्यावर त्याच गवतात दुसरा धोका असतो. उंदरांच्या अंगावर पोसली जाणारी बारीक किडीची (माइटची) पिल्लं चावून स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. काखेत, जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना दाखवा. मेर उशिरा कापणार असाल तर पूर्ण बाह्या घाला. आता कापली तर बरं.

बाकीची कामं :
– भात : नांगे भरणे, तण काढणे, पाणी 2 ते 5 सेंटिमीटर, युरियाचा हप्ता पाणी उतरवून.
– सुपारी : कोळेरोगासाठी 1 टक्का बोर्डो (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर), पहिल्या फवारणीनंतर 40-45 दिवसांनी दुसरी.
– मिरी : बुंध्याशी पाणी साचू न देणे.
– नारळ : शेंड्यात गेंड्या भुंगा तपासणे.
– गुरं : गोठा कोरडा, पेंड झाकलेली. गाय अवेळी गाभडली तर वार उघड्या हाताने उचलू नये, पशुवैद्याला बोलवावं. हाही लेप्टो असू शकतो.

विष एकट्याने एका शेतात घालण्यात पैसे वाया जातात, उंदीर चार दिवसांत शेजारून परत येतो. वाड्यावरच्या सगळ्यांनी एकच सकाळ ठरवा, विभागीय कृषी कार्यालयात आधी कळवा, आणि सुरुवात पडीक शेताच्या मेरेपासून करा. भाटकाराला फोन करून परवानगी मागत बसू नका. गवत कापल्याबद्दल अजून कोणी कोर्टात गेलेला मी ऐकलेला नाही.