उंदराच्या मेंदूतला ग्लुकोजचा वापर औषधानेच घटला का? या चुका टाळा

ओलान्झापिन किंवा क्लोझापिन ही मनोविकारावरची औषधे दिलेल्या उंदराचा एफडीजी-पेट स्कॅन (मेंदू किती ग्लुकोज ओढतो ते दाखवणारे चित्र) फिका आला, की ‘मेंदूतला ग्लुकोजचा वापर घटला’ असे लिहून मोकळे व्हायची घाई होते. जरा थांबा. शेपटीच्या टोकाला सुई टोचून रक्तातली साखर मोजली होती का?

ही दोन्ही औषधे उंदराची साखर तासाभरातच चढवू शकतात. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेला ग्लुकोजचा जुळा भाऊ. मेंदूत शिरायला दोघांना दार एकच. दाराशी साध्या साखरेचीच गर्दी झाली, तर एफडीजी बाहेर ताटकळतो. समजा, ग्लुकोमीटरने कंट्रोलला, म्हणजे औषध न दिलेल्या उंदराला, ११० दाखवले आणि औषधवाल्याला २००. मग स्कॅनमधला बराच फरक रक्तातूनच आलेला असू शकतो. म्हणून साखरेची नोंद प्रत्येक उंदराची, एफडीजी टोचायच्या आधी आणि नंतरही.

भुलीचाही असाच घोळ. केटामिन-झायलाझिनने साखर चांगलीच वाढते. आयसोफ्लुरेन त्या मानाने बरे, पण मेंदूचे काम तेही मंदावते. त्यापेक्षा एफडीजी जागेपणी टोचा, उंदराला पाऊण तास पिंजऱ्यात राहू द्या आणि मग भूल देऊन स्कॅन करा. पेशीत अडकलेले एफडीजी तिथेच राहते, त्यामुळे चित्र जागेपणीचे मिळते. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे, तेव्हा वेळ पुरतो. (चहाला जाण्याइतका नाही.) पिंजरा गार नको, थंडीत अंग गरम ठेवणारी तपकिरी चरबीच एफडीजी ओढून घेते.

हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्याच औषधाची गंमत वेगळीच. माणसाच्या रक्तात ते दिवसभर रेंगाळते, उंदराच्या रक्तातून काही तासांत जाते. रोज एक इंजेक्शन देऊन ‘दीर्घकालीन उपचार’ म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक. कातडीखाली ऑस्मोटिक पंप (औषध सतत थोडे थोडे सोडणारी छोटी कुपी) बसवा. मात्र ओलान्झापिन पंपातल्या द्रावणात दिवसागणिक खराब होते, हे विसरू नका.

शेवटची चूक आकडेमोडीतली. प्रत्येक भागाला सगळ्या मेंदूच्या सरासरीने भागले, की एकूण घट झाकली जाते आणि जे भाग जागच्या जागी आहेत ते वाढल्यासारखे दिसतात. खरी वाढही असते म्हणा: हॅलोपेरिडॉलने लॅटरल हॅबेन्युला या मेंदूतल्या खोलवरच्या छोट्या भागाचा ग्लुकोज-वापर वाढतो, हे शास्त्रज्ञ सोकोलॉफ यांच्या डीऑक्सिग्लुकोज पद्धतीने (यातही किरणोत्सारी साखरच टोचतात) १९८० मध्येच दिसले होते. पण उंदराचा हॅबेन्युला इतका चिमुकला, की मिलिमीटरभर तपशील दाखवणाऱ्या पेटमध्ये तो शेजाऱ्यांत विरघळून जातो. तिथे ‘बदल नाही’ असे आले, तर मेंदूचे काप काढून ऑटोरेडिओग्राफी करा, म्हणजे कापातल्या किरणोत्साराचे थेट फिल्मवर चित्र घ्या.