गोष्ट बोलायची नाही, सांगायची

अमळनेरकडे मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पाचवी-सहावीच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडायचं : 'आजी मला गोष्ट बोलली.' टीव्हीची कृपा, दुसरं काय! आणि हेच पोर घरी 'मायनी माले गोट सांगी' असं बिनचूक म्हणणारं. म्हणून अडलात तर आधी अहिराणीत, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीत, म्हणून बघा, मग लिहा.

ज्यांच्या घरात बोली उरली नाही त्यांनी 'कोणाला?' असं विचारावं. 'तो झोपेत बोलतो' हे वाक्य पुरं आहे. 'तो झोपेत सांगतो' म्हटलं, की कोणाला सांगतो हे विचारावंसं वाटतंच. सांगण्याला ऐकणारा लागतो.

'म्हणणे' जरा फसवं आहे. पाढे, आरती, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची गाणी, हे सगळं म्हणायचं. मग श्रावणातली कहाणी? तिचेही शब्द ठरलेले असतात, तरी ती सांगायचीच. आदित्य राणूबाईची कहाणी आठवा. राणीला कहाणी सांगायला उपाशी माणूस हवा म्हणून शोध चालतो, वाटेत मोळीविक्या भेटतो. सहा मोत्यांतली तीन त्याच्या हाती, तीन आपल्या. तिने मनोभावे सांगितली, त्याने चित्तभावे ऐकली. ऐकणाऱ्यालाही अर्धी मोती! आमच्याकडे पोरांनी हुंकारा देणं थांबवलं की म्हातारी गोष्टच बंद करायची, ते याच हिशेबाने.

आता भूतकाळ. 'आजी बोलली', पण 'आजीने सांगितलं'. इथे क्रियापद आजीकडे बघत नाही, काय सांगितलं त्याकडे बघतं : किस्सा सांगितला, गोष्ट सांगितली, गुपित सांगितलं, चार गोष्टी सांगितल्या. ऐकणाऱ्याला 'ला' लावा, झालं. 'त्याला यायला सांग' यात मात्र गोष्ट नाही, निरोप आहे किंवा हुकूम.

अनेकवचनात जपून. 'गोष्टी सांगू नकोस' हे मोठ्या माणसाला म्हटलंत तर थापा मारू नकोस असा अर्थ निघतो आणि भांडण लागतं. 'गोष्टी करत बसले' म्हणजे नुसत्या गप्पा. मुलीला स्थळ 'सांगून येतं', ऐकीव बातमी 'सांगोवांगी' असते. तिखटमीठ लावून सांगणाऱ्याला गावात श्रोते जास्त, पाल्हाळ लावणाऱ्याला कोणी नाही.

लिहिताना 'सांगितले'तला गि ऱ्हस्व. 'संगीत' डोळ्यांसमोर येतं म्हणून मुलं दीर्घ करतात. आणि कार्यक्रमाची 'सांगता' या कुटुंबातली नव्हे. ती संस्कृत 'सांग'वरून, म्हणजे सर्व अंगांसह पुरं झालेलं. 'यथासांग' तिची सख्खी बहीण.