कसम परेडच्या आधीचे आठवडे कसे काढायचे

अग्निवीराचं प्रशिक्षण साधारण 31 आठवड्यांचं, शेवटी शपथेची कसम परेड. पहिले 10 बेसिक, पुढचे 21 ॲडव्हान्स. मी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये वेपनचा उस्ताद, म्हणजे हत्यारं शिकवणारा, होतो. शेवटच्या टप्प्यात ताकद कमी पडली म्हणून मागे राहिलेली पोरं मी फार थोडी पाहिली. तोवर अंग तयार झालेलं असतं. पोरं गळतात ती पायाच्या फोडांनी, पाण्याच्या हेळसांडीनं आणि झोपेनं. म्हणून यात दंड-छातीच्या गोष्टी कमी आणि मोज्यांच्या जास्त आहेत.

मैदानी सरावाच्या कॅम्पला निघण्याआधी चार-पाच दिवस पायाची नखं सरळ रेषेत काप. कोपरे गोल करत बसलास तर नख मांसात जातं आणि रूट मार्चला, म्हणजे सामान घेऊन लांब चालताना, रडवतं. नवे बूट कॅम्पला नेऊ नकोस, घासून मऊ झालेलेच ने. मोज्यांचे दोन जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पिठ्ठूच्या, म्हणजे पाठीवरच्या पिशवीच्या, वरच्या बाजूला ठेव, तळाशी नको. पावसात अख्खं सामान उपसायला कुणी वेळ देत नाही. हॉल्ट मिळाला की एका वेळी एकच बूट काढ. पाय पूस, पावडर मार, मोज्याची सुरकुती काढ, मग दुसरा. फोड आला तर वरची कातडी ओढून काढू नकोस. मोठा असेल तर एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, गाठ.

पाणी तहान लागायच्या आधी, घोट-घोट. लघवी गडद पिवळी झाली की समज, कमी पडतंय. बडीकडे, म्हणजे तुझ्या जोडीदाराकडे, लक्ष ठेव: तो असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग तापून लाल झालं, तर ताबडतोब उस्तादाला हाक मार. सावलीत घ्या, पिठ्ठू-बेल्ट उतरवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. उष्माघातानं माणूस जातो. ‘चालेल, सहन करतो’ म्हणणाऱ्याला मी शाबासकी दिली नाही, देणारही नाही.

आता रायफल, म्हणजे माझा विषय. कॅम्पमध्ये ती रोज साफ व्हायलाच हवी, कितीही झोप येत असो. खाली ग्राउंडशीट अंथर. ज्या क्रमानं पार्ट निघतील त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे मांड आणि जोडताना उलटं ये. गवतावर खोललीस आणि अंधारात एखादा बारका पार्ट हरवला, तर सगळी प्लाटून गुडघ्यांवर रांगते आणि ती रात्र कुणी विसरत नाही. पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची चिंदी लावलेली दोरी, चेंबरकडून म्हणजे मागून टाकायचा, मझलकडून म्हणजे नळीच्या तोंडाकडून एका दमात ओढायचा. मध्येच थांबलास तर चिंदी अडकते. चिंदी कोरडी निघेपर्यंत ओढ. पिस्टनवरचा कार्बन आधी खरवड, मग तेल. तेल बोटभर चोपडू नकोस; धुळीच्या मैदानात ते माती धरतं आणि रायफल ऐन वेळी अडते. झोपताना सिलिंग, म्हणजे रायफलचा पट्टा, दंडात अडकव. उस्ताद रात्री रायफली पळवायला येतात, मीही यायचो.

फायरिंगला ग्रुपिंग बसत नसेल, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागत नसतील, तर रायफलला शिव्या देऊ नकोस. गाल दरवेळी बटच्या एकाच जागी टेकतोय का ते बघ. श्वास अर्धा सोड, थांब, ट्रिगर दाबत जा. गोळी कधी सुटेल ते तुलाही कळता कामा नये. संपल्यावर सगळे खिसे उलटे करून बघ. ‘माझ्याकडे राउंड (गोळी) किंवा खोका (गोळीचं रिकामं कवच) नाही’ हे तुला सगळ्यांसमोर सांगायचं असतं आणि ते खरंच हवं.

रात्रीच्या मार्चआधी पूर्ण सामान चढवून जागच्या जागी चार उड्या मार. खुळखुळलं ते शोध. बहुतेक वेळा मेस टिन, म्हणजे जेवणाचा डबा, असतो, त्यात कपडा कोंब. अंधाराला डोळे सरावायला जवळपास अर्धा तास लागतो आणि टॉर्चच्या एका झोतात ते सगळं जातं. अंधारात एखादी गोष्ट नीट दिसत नसेल तर थेट न बघता किंचित बाजूला बघ, आकार कळतो. पहाऱ्यावर संतरी असशील तर बसू नकोस. बसलास की झोपलास.

बीपीईटी या शारीरिक क्षमतेच्या चाचणीचं फार सांगत नाही, 5 किलोमीटर तुम्ही रोजच पळता. पहिल्या किलोमीटरला हिरोगिरी नको. उडी मारून ओलांडायच्या 9 फुटांच्या खड्ड्याआधी पावलं बारीक करू नकोस, त्यानंच पोरं आत पडतात. रोपवर हातांपेक्षा पायाची पकड बघ.

मग ड्रिल स्क्वेअर, म्हणजे परेडचं मैदान. परेडला चक्कर येऊन कोसळणारा बहुधा उपाशी असतो किंवा त्यानं सावधानमध्ये गुडघे मागे आवळलेले असतात. नाश्ता सोडू नकोस. बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा, पोटऱ्या हळूच आवळ-सैल कर. बाहेरून कुणाला दिसत नाही आणि रक्त वर चढत राहतं. कसम आधीच तोंडपाठ कर. जमीन, पाणी, हवा, जिथे हुकूम होईल तिथे जाईन, जीव गेला तरी, असं तू त्या दिवशी म्हणणार आहेस. पुढच्याचे ओठ बघून पुटपुटायचे ते शब्द नाहीत.

घरी वेळेवर कळव. आई-वडिलांना आदल्या दिवशीच मुक्कामाला यायला सांग, ओळखपत्र प्रत्येकाचं वेगळं हवं. बऱ्याच सेंटरमध्ये आई-वडिलांच्या छातीवर गौरव पदक लावतात, तेव्हा त्यांना वेळेत जागेवर बसवायची सोय आधी विचारून ठेव. अख्खी भावकी आणू नका, गेटवर खोळंबा होतो. मूव्हमेंट ऑर्डर (पुढच्या ठिकाणी जायचा हुकूम), रेल्वे वॉरंट (सरकारी खर्चाच्या तिकिटाचा कागद) आणि रजेचा कागद एका पाकिटात घाल आणि ते पाकीट कौतुकानं मामाच्या हातात देऊ नकोस.